मोठे पूर्णांक आणि सुरुवातीची शून्यं: आकडा न बिघडवता प्रोग्राममधून कसा न्यायचा

फाइलमध्ये ००८ होतं, टेबलमध्ये ८ आलं. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला, ब्राउझरमध्ये शेवटचा अंक ३ ऐवजी २ दिसला. दोन्हीकडे एरर नाही, लॉगमध्ये नोंद नाही, टेस्ट पास. मग कोणीतरी ‘शून्यं परत लावून टाकू’ म्हणत शेवटी पॅडिंगचं फंक्शन डकवतं आणि काम पुढे सरकतं. चूक तिथेच होते. आकडा बिघडतो तो आत येताना किंवा एका सिस्टीममधून दुसरीत जाताना. शेवटच्या पडद्यावर केलेली मलमपट्टी काही वेळा जमून जाते, काही वेळा चुकीचाच आकडा नीटनेटका करून दाखवते.

खालचा क्रम बदलू नका: आधी ठरवा, मग आत घ्या, साठवा, गणित करा आणि सगळ्यात शेवटी दाखवा. उदाहरणं मुख्यतः पायथन, जावास्क्रिप्ट, जावा आणि सी यांतली आहेत. इथे अंक देवनागरीत छापले असले तरी कोडमध्ये ते अर्थातच इंग्रजी लिहायचे.

## तयारी: ही संख्या आहे की अंकांनी लिहिलेलं नाव?

कोडला हात लावण्याआधी प्रत्येक फील्डला एकच प्रश्न विचारा: यात १ मिळवला तर उत्तराला काही अर्थ उरतो का? शिल्लक रक्कम, मोजणी, वजन यांत उरतो. फोन नंबर, खाते क्रमांक, बारकोड, ओटीपी यांत उरत नाही; फोन नंबरात १ मिळवला तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी नंबर होतो. ही दुसरी जमात म्हणजे अंकांनी लिहिलेली नावं. त्यांचा टाइप स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ‘सगळे अंकच तर आहेत, इंटिजर केलं तर जागा वाचेल’ हा युक्तिवाद इथे ऐकायचा नाही.

नावांमध्ये शून्य ही माहितीच असते. देशांचे तीन अंकी आयएसओ क्रमांक घ्या: अल्बानिया ००८, अंटार्क्टिका ०१०, अल्जीरिया ०१२. किंवा बारकोड: १२ अंकी यूपीसी १३ अंकी रूपात लिहिताना पुढे ० लागतो, म्हणजे एकूण अंक किती यालाही अर्थ आहे.

आता एका कागदावर प्रत्येक फील्डपुढे चार गोष्टी लिहा: संख्या की नाव, जास्तीत जास्त किती अंक, लांबी ठरलेली की बदलती, आणि हा आकडा कोणकोणत्या सिस्टीममधून जाणार. चौथी गोष्ट लोक हमखास वगळतात, आणि आकडा नेमका तिथेच मार खातो.

अंक मोजताना या मर्यादा शेजारी ठेवा:

- ३२ बिटी चिन्हासहित इंटिजर: २१४७४८३६४७ पर्यंत. खात्रीने बसतात ते फक्त ९ अंकी आकडे.
- ६४ बिटी चिन्हासहित इंटिजर: ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत. खात्रीने बसतात १८ अंकी.
- डबल (दशांश संख्यांचा टाइप), म्हणजेच जावास्क्रिप्टचा साधा नंबर: ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अचूक. खात्रीने १५ अंकी.
- एक्सेलचा सेल: १५ अंक. सोळाव्यापासून पुढचे सगळे शून्य होतात.

सावधान: ‘कमाल किंमत दहा अंकी आहे, म्हणजे दहा अंकी सगळं बसेल’ हे खोटं आहे. ९९९९९९९९९९ दहा अंकीच आहे आणि ३२ बिटांत बसत नाही.

## टप्पा १: आत घेताना मजकूर म्हणूनच घ्या

नियम सोपा आहे: बाहेरून येणारं सगळं आधी स्ट्रिंग. संख्या बनवायची असेल तर ती नंतर, तुमच्या हाताने, तपासून. वाचणाऱ्या लायब्ररीला टाइपचा अंदाज बांधू देऊ नका.

सीएसव्ही आणि एक्सेल. सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुरात) टाइप नसतो, नुसती अक्षरं असतात. फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल स्वतः अंदाज बांधतं: ००७ चे ७ होतात, बारा अंकी आकडा घातांकाच्या रूपात दिसू लागतो, आणि १२ई५ असा अक्षर-अंक मिश्रित कोड बारा लाख बनतो. आकड्याभोवती अवतरणचिन्हं असली तरी फरक पडत नाही. त्यानंतर सेव्ह केलं तर काम संपलंच, कारण एक्सेल सीएसव्हीमध्ये जे दिसतं तेच लिहितं. घातांकातलं तोकडं रूप फाइलमध्ये जातं आणि मूळ अंक कायमचे जातात.

त्यामुळे फाइल उघडायची नाही, आयात करायची. डेटा मेन्यूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात निवडा आणि त्या कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा, तोही डेटा शीटवर येण्याआधी. आकडा एकदा संख्या म्हणून बसला की नंतर सेलचं फॉरमॅट टेक्स्ट करून गेलेलं शून्य परत येत नाही. नुसतं ‘बघायचं’ असेल तर साधा टेक्स्ट एडिटर पुरे.

पांडाज (पायथनची टेबलं हाताळणारी लायब्ररी). रीड-सीएसव्ही वापरताना नावांच्या कॉलमांना डीटाइप म्हणून एसटीआर द्या. दिला नाही तर शून्यं जातात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. दुसरी खोड कमी जणांना माहीत असते: पूर्णांकांच्या कॉलममध्ये एक जरी जागा रिकामी असली तरी सगळा कॉलम फ्लोट (म्हणजे वरचा डबलच) होतो. मग आकड्यांच्या शेवटी ‘.०’ चिकटतं आणि सोळा-सतरा अंकी आकडे गुपचूप गोल होतात. शेवटी ‘.०’ दिसलं की ते नुसतं कापून मोकळं होऊ नका. आकडा एकदा फ्लोटमधून जाऊन आला आहे याची ती खूण आहे.

जेसन (सिस्टीममध्ये डेटा पाठवायचा मजकुरी साचा). जेसनच्या व्याकरणात संख्येला सुरुवातीचं शून्य चालतच नाही, त्यामुळे ००८ पाठवायचं असेल तर अवतरणचिन्हांतच. मोठ्या आकड्यांना व्याकरण अडवत नाही, पण जावास्क्रिप्ट त्यांना डबल बनवतं. गो भाषेतही नेमका टाइप न देता रिकाम्या इंटरफेसमध्ये जेसन वाचला तर फ्लोट६४ मिळतो. तिथे यूजनंबर चालू करा. पायथन मात्र अचूक वाचतो, आणि म्हणूनच गोंधळ वाढतो: सर्व्हरवर सगळं बरोबर दिसतं, बिघाड फक्त ब्राउझरमध्ये. एक्सने, तेव्हाच्या ट्विटरने, याच कारणासाठी आपल्या एपीआयमध्ये संख्येच्या आयडीशेजारी त्याच आयडीचं स्ट्रिंग रूपही द्यायला सुरुवात केली होती. तुमच्या एपीआयमध्ये पहिल्यापासून फक्त स्ट्रिंग द्या.

फॉर्म. वेब फॉर्मवर ओटीपी किंवा खाते क्रमांकासाठी ‘नंबर’ प्रकारचा इनपुट नको. माउसचं चाक फिरलं तर काही ब्राउझरमध्ये आकडा बदलतो. टेक्स्ट इनपुट ठेवा आणि इनपुटमोड न्यूमेरिक करा. मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड तसाही येतो.

तपासा: आत घेतल्यावर लगेच तीन-चार ओळी टाइपसकट छापा. पायथनमध्ये ‘रेप्र’ वापरा. साध्या प्रिंटमध्ये संख्या ८ आणि स्ट्रिंग ‘८’ सारखेच दिसतात, आणि डोळा तिथेच फसतो.

## टप्पा २: कोडमध्ये आणि कॉन्फिगमध्ये लिहिलेला आकडा

सी, जावा आणि जुन्या ढंगाच्या जावास्क्रिप्टमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाचा समजला जातो. ०१० म्हणजे ८, ०१२ म्हणजे १०. देशांचे क्रमांक कोणी ‘नीट रांगेत दिसावेत’ म्हणून शून्यासकट संख्या म्हणून लिहिले तर काय होईल? अल्जीरियाच्या ०१२ चे १० होतात, म्हणजे अंटार्क्टिका. अंटार्क्टिकाच्या ०१० चे ८ होतात, म्हणजे अल्बानिया. आणि अल्बानियाचं ००८ सी किंवा जावामध्ये कंपाइलच होत नाही, कारण ऑक्टलमध्ये ८ हा अंक नसतो. तिघांपैकी अल्बानियाच बरा, निदान ओरडतो तरी.

पायथन ३ असा आकडा सरळ नाकारतो. जावास्क्रिप्टही स्ट्रिक्ट मोडमध्ये नाकारतं. पण यॅमल (कॉन्फिग लिहायचा साचा) १.१ पाळणाऱ्या लायब्ररी कॉन्फिग फाइलमधल्या उघड्या ०१० चे ८ करतात. तिथे अवतरणचिन्हं घालाच.

बॅशचा (लिनक्सच्या कमांड-लाइनचा) फटका जास्त गमतीचा असतो. तारखेतून महिना काढून त्यावर गणित करणारी स्क्रिप्ट ०१ ते ०७ पर्यंत नीट चालते आणि ऑगस्ट उजाडला की मोडते, कारण ०८ हा ऑक्टल नाही. ऑक्टोबरमध्ये १० आला की ती आपोआप ‘दुरुस्त’ होते आणि सगळे विसरून जातात. उपाय: गणिताच्या कंसात आकड्यापुढे १०# लावा, म्हणजे पाया दहाच धरला जातो.

## टप्पा ३: स्ट्रिंगची संख्या करताना

हा टप्पा फक्त खऱ्या संख्यांसाठी. नावांनी इथून थेट पाचव्या टप्प्यावर जावं.

१. आधी तपासा, मग बदला. रूपांतर करणारी फंक्शन्स वाटतात त्यापेक्षा फार उदार असतात. जावास्क्रिप्टचं पार्सइंट ‘१२ एबीसी’ मधून निमूटपणे १२ काढून देतं. नंबर फंक्शन रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य करतं. पायथनचं इंट अधलेमधले अंडरस्कोर, आजूबाजूच्या स्पेस आणि अधिकचं चिन्ह चालवून घेतं. ते देवनागरी अंकही वाचतं! मराठी कीबोर्डवरून टाइप केलेले १२३ पायथनमध्ये बिनतक्रार संख्या होतात. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मात्र त्याचं नॅन (‘संख्या नाही’) करतं. म्हणजे एकाच फॉर्मला दोन बाजूंनी दोन निकाल. आणि पायथनच्या इझडिजिटवर विसंबू नका: वर्गाचं चिन्ह असलेला छोटा २ त्यात पास होतो आणि इंटमध्ये आपटतो. देवनागरी अंक स्वीकारायचे असतील तर जरूर स्वीकारा, पण ते आधी स्वतः इंग्रजी अंकांत बदलून घ्या आणि मगच ‘० ते ९ सोडून काही नाही’ ही तपासणी लावा.

२. पाया सांगा. पार्सइंटला दुसरा आर्ग्युमेंट १० द्या. सीमध्ये स्ट्रटोलला पाया ० दिला तर तो सुरुवातीच्या शून्यावरून ऑक्टल धरतो, आणि स्कॅनएफचं टक्का-आय सुद्धा तसंच वागतं. १० आणि टक्का-डी वापरा. एटोआय तर टाळाच: आकडा मावला नाही तर काय होईल याची भाषा हमीच देत नाही.

३. मोठ्या टाइपमध्ये स्ट्रिंगमधूनच जा. जावास्क्रिप्टमध्ये बिगइंटला अवतरणचिन्हांशिवाय ९००७१९९२५४७४०९९३ दिला तर तो आत पोहोचेपर्यंत ...९९२ झालेला असतो. आकडा अवतरणचिन्हांत द्या किंवा मागे ‘एन’ लावा. पायथनमध्येही तेच: १ई२३ लिहून त्याचा इंट केला तर ९९९९९९९९९९९९९९९९१६११३९२ मिळतो. १० चा २३ वा घात हवा असेल तर घातच लिहा. दुधात पाणी पडल्यावर भांडं मोठं घेऊन दूध घट्ट होत नाही.

सावधान: पायथन ३.११ पासून ४३०० पेक्षा जास्त अंकांची स्ट्रिंग दहाच्या पायाने इंट करायला गेलात तर व्हॅल्यूएरर येते. उलट दिशेलाही तेच. हा बग नव्हे, कोणी मुद्दाम लांबलचक आकडा पाठवून सर्व्हर गुंतवू नये म्हणून घातलेली मर्यादा आहे. ती वाढवता येते, पण बाहेरून आलेल्या इनपुटसाठी वाढवू नका.

## टप्पा ४: गणित

पायथनचा इंट हवा तितका वाढतो. जावामध्ये बिगइंटिजर, जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट. सीमध्ये तयार काही नाही. जीएमपी लायब्ररी घ्या. हे माहीत असूनही लोक जिथे अडखळतात त्या जागा अशा.

जावामध्ये १००००० गुणिले १००००० करून उत्तर लाँगमध्ये ठेवलं तर १४१००६५४०८ मिळतं. लाँगमध्ये दहा अब्ज आरामात मावतात, पण गुणाकार दोन इंटमध्ये झाला, तिथेच ओव्हरफ्लो झाला (आकडा टाइपात मावला नाही), आणि उरलेलं लाँगमध्ये गेलं. गुणाकाराआधीच एक बाजू लाँग करा. शंका असेल तर मल्टिप्लायएक्झॅक्ट वापरा; ते गप्प बसत नाही, एक्सेप्शन फेकतं. सीमध्ये तर चिन्हासहित ओव्हरफ्लो झाल्यावर ‘आकडा गुंडाळून ऋण होईल’ असंही धरून चालता येत नाही.

बिगइंटिजर बदलत नाही. ‘ए डॉट ॲड बी’ लिहून उत्तर कुठेच ठेवलं नाही तर ए जसा होता तसाच राहतो. आणि तुलना इक्वल्सने करा. दोन समान चिन्हं इथे वस्तू तीच आहे का एवढंच बघतात.

पायथनमध्ये / टाळा, // वापरा. एक तिरकी रेघ फ्लोट देते, आणि नंतर इंट लावून उपयोग नसतो. वर्गमुळासाठी मॅथमधलं इझस्क्वर्ट. मोठ्या घाताची बाकी हवी असेल तर पॉवला तिसरा आर्ग्युमेंट द्या. आधी पूर्ण घात आणि मग बाकी काढायला गेलात तर मशीन बसेल मोजत.

बाकी काढायला पुष्कळदा मोठ्या टाइपची गरजच नसते. डावीकडून एकेक अंक घ्या: आधीची बाकी गुणिले १०, अधिक नवा अंक, त्याची बाकी. १२३४५६७ ला ९७ ने भागताना बाकी अशी सरकते: १, १२, २६, ७०, २६, ७२, ४८. कुठेही आकडा हजाराला पोहोचत नाही. बँकांच्या आयबॅन क्रमांकाची ९७ ची तपासणी या रीतीने साध्या इंटमध्ये होते.

स्ट्रिंगवर हाताने बेरीज लिहायची वेळ आली (सरावाच्या प्रश्नांत हमखास येते) तर उजवीकडून सुरू करा, लहान स्ट्रिंग संपली की तिचा अंक ० धरा, आणि शेवटचा हातचा विसरू नका. ९९९ अधिक १ याचं उत्तर ००० आलं तर हातचा राहिला असं समजा. तुलनेचा क्रम ठरलेला: सुरुवातीची शून्यं काढा, लांबी बघा, लांबी सारखी असेल तरच अक्षरं ताडून बघा. नाहीतर ‘१०’ हे ‘९’ च्या आधी येतं.

तपासा: शून्यं काढणारा कोड ‘०००’ वर चालवून बघा. उत्तर रिकामी स्ट्रिंग आली तर चुकलं. एक शून्य उरलंच पाहिजे.

## टप्पा ५: साठवणं

नावांसाठी व्हारकॅर किंवा टेक्स्ट, संख्यांसाठी बिगइंट (डेटाबेसमधला ६४ बिटी, जावास्क्रिप्टचा नव्हे), त्याहून मोठ्यांसाठी डेसिमल. मायएसक्यूएलमध्ये डेसिमल ६५ अंकांपर्यंत जातो. तिथला झीरोफिल हा पर्याय ८.०.१७ पासून वापरातून काढायच्या यादीत आहे, आणि तो शून्यं साठवत नव्हताच, फक्त दाखवत होता.

एसक्यूएलाइटमध्ये एक खास सापळा आहे. कॉलमचा प्रकार ‘स्ट्रिंग’ लिहिला तर तो मजकुराचा कॉलम होत नाही, संख्येचा कल असलेला होतो, आणि ‘००७’ घातलं की ७ साठतं. तिथे शब्द ‘टेक्स्ट’ हवा.

क्वेरीतही अवतरणचिन्हं विसरू नका. मायएसक्यूएलमध्ये व्हारकॅर कॉलमची तुलना उघड्या आकड्याशी केली तर दोन्ही बाजू फ्लोट होतात: ‘००७’ आणि ‘७’ दोन्ही जुळतात, लांब आकड्यांत भलत्याच ओळी जुळू शकतात, वर त्या कॉलमचा इंडेक्सही वापरला जात नाही.

## टप्पा ६: दाखवताना शून्यं लावणं

पॅडिंगची जागा ही, आणि फक्त संख्यांसाठी. बिलाचा अनुक्रमांक ४२ असेल आणि ०००४२ छापायचा असेल तर छापतानाच लावा. साठवताना ४२ च.

पायथनचं झेडफिल चिन्ह ओळखतं: उणे ४२ ला पाच अक्षरांत -००४२ करतं. जावास्क्रिप्टचं पॅडस्टार्ट ओळखत नाही. ते ००-४२ करून देतं. दोन्ही फंक्शन्स जास्त लांब आकडा कापत नाहीत, जसाच्या तसा सोडतात. म्हणून पाच अंकी जागेत सहा अंकी आकडा आला तर आधी एरर द्या.

बाहेर पाठवताना पहिला टप्पा उलटा वाचा. एक भर: जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट असलेलं ऑब्जेक्ट जेसन स्ट्रिंगिफायला दिलं तर टाइपएरर येते. तिथे नंबरमध्ये बदलून एरर घालवणारे बरेच भेटतात; तुम्ही तसं न करता टूस्ट्रिंग करा.

## टप्पा ७: वाईट आकडे टाकून बघा

प्रत्येक फील्डमधून हे आकडे पूर्ण प्रवास करून परत आणा आणि स्ट्रिंगची स्ट्रिंगशी तुलना करा: रिकामं, ०, ०००, ००८, ०१०, उणे १, २१४७४८३६४८, ९००७१९९२५४७४०९९३, ९२२३३७२०३६८५४७७५८०८, आणि एक तीस अंकी.

मोठे आकडे विषमही घ्या. ९००७१९९२५४७४०९९२ च्या लगेच पुढे डबलमध्ये फक्त सम पूर्णांक मावतात. टेस्टमध्ये योगायोगाने सम आकडा घेतला तर तो सहीसलामत परत येतो आणि बिघाड झाकला जातो.

## आधीच बिघडलेला डेटा हाती आला तर

शून्यं गेली आहेत आणि लांबी ठरलेली आहे: त्या लांबीपर्यंत पॅड करा. लांबी बदलती असेल तर अंदाज करू नका. ७ हे मुळात ०७ होतं की ००७, हे त्या ७ मधून कळत नाही.

एक्सेलने सोळावा अंक शून्य केला आहे आणि शेवटचा अंक लून पद्धतीचा चेक डिजिट (आधीच्या अंकांवरून काढलेला पडताळणीचा अंक) आहे: पहिले १५ अंक शाबूत आहेत, त्यांवरून सोळावा पुन्हा काढता येतो. सतरा किंवा अधिक अंक असतील तर चेक डिजिटही वाचवू शकत नाही, कारण एकाहून जास्त अंक गेलेले असतात.

आकडा घातांकाच्या रूपात सेव्ह झाला असेल, किंवा डबलमधून गोल होऊन आला असेल, तर मूळ फाइल किंवा मूळ डेटाबेसमधून तो पुन्हा काढून घ्या, आणि या वेळी मजकूर म्हणून.